आठ तासांत जिनोआ : पाहुण्यांना या बंदराची ओळख कशी करून द्यावी?

फोंडेकरीण (प्रश्नकर्ती)

सर्वांना नमस्कार. आमच्या फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाचे बावीस सभासद येत्या मे महिन्यात भूमध्य समुद्रातील क्रूझवर निघाले आहेत. त्यांपैकी बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि त्यांच्या सौभाग्यवती असून सर्वांत धाकटी मी, म्हणजे बावन्न वर्षांची आहे. बोट एक दिवस इटलीतील जिनोआ बंदरात सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. बोटीवर परत येण्याची वेळ लक्षात घेतली तर हाताशी जेमतेम आठ तास उरतात. निघण्यापूर्वी पंधरा दिवस वाचनालयाच्या सभागृहात प्रत्येक बंदराची ओळख करून देण्याचे ठरले असून चिठ्ठी टाकल्यावर माझ्या वाट्याला जिनोआ आले. पाऊण तास बोलायचे आहे.

अडचण माहितीच्या अभावाची नाही, उलट माहितीच जास्त झाली आहे. गेले दोन आठवडे मी टिपणे काढते आहे आणि माझ्या वहीत आता चर्च, राजवाडे, संग्रहालये आणि चौक यांची एक लांबलचक यादी तयार झाली आहे. ती वाचून दाखवली तर पहिल्या रांगेतले आजोबा दहाव्या मिनिटाला डुलक्या घेऊ लागतील याबद्दल मला शंका नाही. कोलंबस तिथला आणि वास्को द गामाच्या नावाचे शहर आपल्या दारात, म्हणून त्या दोघांपासून सुरुवात करावी आणि कोलंबसाच्या जन्मघराचे छायाचित्र दाखवावे, असा माझा विचार होता. तो योग्य आहे का? ज्यांनी हे शहर पाहिले आहे किंवा त्याचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की गोव्यातल्या माणसाला जिनोआ कुठल्या बाजूने दाखवावे म्हणजे ते त्याला आपोआप उलगडत जाईल. आणखी एक म्हणजे गटात सात जण शाकाहारी आहेत आणि निदान पाच जणांचे गुडघे दुखतात, तेवढे विचारात घ्यावे.

तारवटी, कुठ्ठाळी

ताई, मी एकोणतीस वर्षे बोटीवर काढली, त्यांतली शेवटची बारा प्रवासी जहाजांवर. उन्हाळ्याच्या हंगामात आमची बोट दर आठवड्याला जिनोआला लागत असे, त्यामुळे त्या शहरात मी एकूण किती वेळा उतरलो याचा हिशेब ठेवलेला नाही. मात्र प्रत्येक वेळी दोन-तीन तासांपेक्षा जास्त सुट्टी मिळाली नाही, म्हणून माझे ज्ञान बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरापुरतेच आहे हे आधीच सांगून ठेवतो.

आपण कोलंबसापासून सुरुवात करू नये असे मला वाटते. बोटीच्या डेकपासून करावी, कारण आपले सभासद हे शहर पहिल्यांदा पाहणार आहेत ते समुद्रावरून, आणि जिनोआ समुद्रावरूनच समजते. सकाळी सहाच्या सुमारास सर्वांना वरच्या डेकवर यायला सांगावे. समोर दिसेल तो डोंगर, सरळ पाण्यातून उठल्यासारखा, आणि त्या डोंगराच्या पायथ्यापासून कमरेपर्यंत चढत गेलेली पिवळट, तांबूस, फिकट हिरवी घरे. तिथे सपाट जमीन अशी जवळपास नाहीच. आपल्याकडे समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये शेते आहेत, खाजने आहेत, माड आहेत, मग कुठे डोंगर सुरू होतो. तिथे मधला हा सगळा पट्टा कुणीतरी काढून घेतला आहे अशी कल्पना करावी. शेती करायला जागा नाही म्हणून माणसे समुद्रावर गेली, आणि बांधायला जागा नाही म्हणून घरे सहा-सहा, सात-सात मजले उंच चढली. या दोन वाक्यांत निम्मे जिनोआ येते, बाकीचे तपशील त्यांना टांगता येतात.

डाव्या-उजव्या बाजूच्या भानगडीत न पडता सर्वांना लांतेर्ना शोधायला सांगावे. हा तिथला दीपस्तंभ, शहराची खूण आणि शहराचा अभिमान. बाराव्या शतकापासून त्या जागी मनोरा असल्याचे सांगतात, पण आजचा चौकोनी, दोन टप्प्यांचा मनोरा 1543 मधला आहे. त्याची स्वतःची उंची सुमारे 77 मीटर, आणि तो खडकावर उभा असल्यामुळे दिवा समुद्रसपाटीपासून सुमारे 117 मीटरवर जातो. आग्वादचा आपला 1864 मधला जुना दीपस्तंभ आम्हा तारवट्यांना घर आल्याची खूण वाटतो, पण उंचीत तो याच्या कमरेलाही लागणार नाही. कोलंबसाचा उल्लेख करायचाच असेल तर इथे करावा, कारण 1449 मध्ये या दीपस्तंभाचा राखणदार अंतोनिओ कोलंबो नावाचा माणूस होता आणि तो त्याचा चुलता होता असे मानतात.

प्रवासी बोटी पोंते देई मिल्ले नावाच्या धक्क्याला लागतात. 'मिल्ले' म्हणजे हजार. 1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी आपले हजार स्वयंसेवक घेऊन याच शहराच्या पूर्वेकडच्या क्वार्तो येथून सिसिलीकडे निघाला, त्यांच्या नावाचा हा धक्का. धक्क्याची इमारत जुन्या काळची, भपकेदार आहे आणि तिथून मुख्य रेल्वे स्थानक चालत दहा मिनिटांवर आहे. आपल्या लोकांना बसची गरज नाही, कारण जुने शहर धक्क्यापासूनच सुरू होते.

त्या शहराच्या गल्ल्यांना कारुज्जी म्हणतात. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये आपण फिरतो तेव्हा डोक्यावर आकाश असते, तिथे मात्र दोन भिंतींच्या मधून आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते, आणि काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतात. मे महिन्याच्या दुपारीही आत गारवा असतो. कोपऱ्या-कोपऱ्यावर पहिल्या मजल्याच्या उंचीवर मरियेच्या मूर्तीचे कोनाडे आहेत, त्यांतल्या काहींची नक्षी एखाद्या चर्चच्या वेदीला शोभेल अशी आहे. आपल्या वाड्यांवर जशा घुमट्या आणि खुरीस (क्रूस), तसेच ते. पहिल्यांदा मी एकटाच गेलो आणि त्या गल्ल्यांत अशी दिशा हरवली की बोटीवर पोहोचलो तेव्हा शिडी उचलायला पंचवीस मिनिटे उरली होती. तेव्हापासून नियम केला की वाट चुकली तर उतार धरायचा. जिनोआत उतार नेहमी बंदराकडेच नेतो.

आता खाण्याचे. शाकाहारी मंडळींची मुळीच काळजी करू नये. बंदरासमोर सोत्तोरिपा नावाची कमानींची एक लांब ओळ आहे. ती बाराव्या शतकातली, आणि त्या काळी समुद्राचे पाणी तिच्या पायाशी येऊन होड्या तिथेच बांधल्या जात. आज त्या कमानींखाली तळलेल्या मासळीची छोटी दुकाने आहेत, आणि जवळपासच्या गल्ल्यांत फारिनाता मिळते. फारिनाता म्हणजे चण्याच्या पिठाचा पोळा. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, बस. मी ज्या दुकानात जात असे तिथे भिंतीत लाकडाची भट्टी होती. माणूस बैलगाडीच्या चाकाएवढे कल्हई केलेले तांब्याचे पसरट ताट अर्धे आत सरकवून त्यात डावेने पातळ पीठ ओतायचा, मग लांब दांड्याने ते हळूहळू आत ढकलायचा, म्हणजे पीठ हिंदकळत नसे. दहा-बारा मिनिटांनी बाहेर येई तेव्हा वरून खरपूस तपकिरी आणि आतून मऊ. सुरीने वेडेवाकडे तुकडे करून, वर मिरपूड टाकून, जाड कागदावर देत. पहिला घास खाल्ला आणि मला आईच्या हातच्या पोळ्याची आठवण झाली. आमच्याकडे त्यात कोथिंबीर आणि हिरवी मिरची असते एवढाच फरक.

जाता जाता एक गंमत. जिनोआच्या खलाशांना कुरकुर करण्याचा हक्क होता असे तिथले लोक सांगतात. नोकरीवर घेताना दोन प्रकारचे करार असत म्हणे, एक जास्त पगाराचा आणि दुसरा कमी पगाराचा, पण कुरकुर करण्याची मुभा असलेला, आणि जिनोआचे खलाशी दुसराच निवडत. कुरकुरीला त्यांच्या बोलीत 'मुगुन्यो' म्हणतात. खरे-खोटे देव जाणे, पण माझ्याबरोबर बोटीवर असलेल्या गोंयकारांना ही गोष्ट सांगितली की त्यांतला प्रत्येक जण म्हणे, आम्हांला दुसरा करार आधीच लागू आहे, फक्त कुणी लिहून दिलेला नाही.

निवृत्त इतिहास शिक्षक, म्हापसा

वरील प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहे. डेकवरून सुरुवात करावी याच्याशी मी सहमत आहे, मात्र बोट धक्क्याला लागल्यानंतर पाहुण्यांना नुसते गल्ल्यांतून फिरवून परत आणले तर त्या शहराचे अर्धेच रूप दिसेल. दुसरे अर्धे पैशाचे आहे.

प्रथम एक दुरुस्ती. 'कोलंबसाचे जन्मघर' म्हणून जे छायाचित्र आपण दाखवणार आहात, ते पोर्ता सोप्राना या 1155 मधील वेशीजवळचे घर अठराव्या शतकात पुन्हा बांधलेले आहे. मूळ घर 1684 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या आरमाराने शहरावर केलेल्या तोफांच्या माऱ्यात नष्ट झाले. कोलंबस 1451 मध्ये जिनोआच्या एका विणकराच्या घरी जन्मला हे खरे, पण त्याच्या आयुष्यातील मोठी कामगिरी स्पेनच्या राणीच्या पैशावर झाली आणि जिनोआच्या वाट्याला त्यातून मुख्यतः अभिमान आला. गोव्याशी नाते जोडायचेच असेल तर दुसरे एक नाव सुचवतो. हिएरोनिमो दी सान्तो स्तेफानो नावाचा जिनोआचा व्यापारी आपल्या हिएरोनिमो आदोर्नो या सोबत्याबरोबर कैरो, तांबडा समुद्र आणि एडन या जुन्या मार्गाने कालिकतला पोहोचला, आणि तोही वास्को द गामाच्या आधी. सोबती ब्रह्मदेशातल्या पेगूमध्ये मरण पावला, माल गेला, आणि हा बिचारा कसाबसा परतून 1499 मध्ये त्रिपोलीहून पत्र लिहितो. आफ्रिकेला वळसा घालून येणारी पोर्तुगीज गलबते आणि अरबांच्या वाटेने, लाचार होऊन, भाड्याच्या होडीतून येणारा हा व्यापारी, या दोघांना शेजारी-शेजारी उभे केले की 1498 मध्ये नक्की काय बदलले ते श्रोत्यांना न सांगता कळेल.

आता माझ्या मते या शहराची ओळख करून देण्याचा सर्वांत चांगला धागा. आपण पाहुण्यांना शहर कसे दाखवावे असे विचारता आहात, आणि नेमका हाच प्रश्न जिनोआच्या सरकारने स्वतःला विचारला होता. जिनोआ हे प्रजासत्ताक होते. तिथे राजा नव्हता, त्यामुळे राजवाडा नव्हता, मग परदेशचा राजपुत्र किंवा कार्डिनल आला तर त्याला उतरवायचे कुठे? 1576 मध्ये सरकारने श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांची अधिकृत यादी केली. या याद्यांना 'रोल्ली' म्हणतात. वाड्यांचे दर्जे ठरवले होते, सर्वांत वरच्या दर्जाचे वाडे मोठ्यात मोठ्या पाहुण्यांसाठी, त्याखालचे त्याहून लहान मानाच्या पाहुण्यांसाठी, आणि पाहुणा आला की त्या दर्जाच्या वाड्यांच्या नावांची चिठ्ठी काढली जाई. ज्याचे नाव निघेल त्याने आपल्या घरी, आपल्या खर्चाने पाहुणचार करायचा. आपल्या देवस्थानांत उत्सवाची पाळी महाजनांकडे फिरते आणि ज्याची पाळी त्याने त्या वर्षी हात सैल सोडायचा असतो, ते फोंडा तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. आणि आपल्याही वाट्याला जिनोआ चिठ्ठीनेच आले, तेव्हा बोलण्याची सुरुवात तिथूनच करता येईल.

शंभराहून अधिक वाडे या याद्यांत होते आणि त्यांपैकी 42 वाडे 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले सर्वांत देखणे व्हिया गारिबाल्दी या रस्त्यावर आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या, कोंदट वस्तीच्या वरच्या अंगाला हा रस्ता नव्याने आखला, म्हणून त्याला 'नवा रस्ता' म्हणत. रस्ता लांबीने जेमतेम अडीचशे मीटर, पण दोन्ही बाजूंना वाडेच वाडे. तांबडा वाडा, पांढरा वाडा आणि तुर्सी वाडा हे तीन मिळून आज संग्रहालय आहे, तुर्सीमध्ये नगरपालिकेचे कार्यालयही आहे आणि तिथेच प्रख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचे व्हायोलिन ठेवले आहे. ते 1743 मध्ये ग्वार्नेरीने बनवलेले असून त्याच्या दणदणीत आवाजामुळे त्याला 'तोफ' असे नाव पडले. आपल्या गटाने एकाच वाड्यात आत जावे आणि बाकीचे बाहेरून पाहावेत. तीनही पाहायला गेलात तर संध्याकाळी कुणाला कोणता कुठला ते आठवणार नाही.

हा पैसा आला कुठून? बंदरासमोरच, सोत्तोरिपाच्या टोकाला, पालाझ्झो सान जॉर्जो ही इमारत आहे. तिचा जुना भाग 1260 मधला. 1298 मध्ये व्हेनिसशी झालेल्या लढाईत पकडलेला मार्को पोलो इथे कैदेत होता असे परंपरेने सांगतात, आणि त्या कैदेतच त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लो नावाच्या दुसऱ्या कैद्याला आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. पुढे 1407 मध्ये स्थापन झालेली सान जॉर्जोची पेढी या इमारतीत आली. सरकारला कर्ज दिलेल्या सावकारांनी एकत्र येऊन ती उभारली होती आणि वसुलीसाठी सरकारने तिला करांचे उत्पन्न तोडून दिले. हळूहळू पेढी सरकारपेक्षा सधन झाली आणि वसाहतींचा कारभारही पाहू लागली. 1805 मध्ये, नेपोलियनच्या काळात, ती बंद पडली. आज त्या इमारतीत बंदराचे प्रशासन आहे. आतल्या मोठ्या दालनात देणगीदारांचे पुतळे आहेत आणि त्यांत एक बारीक हिशेब आहे. ज्याने सर्वांत मोठी रक्कम दिली त्याचा पुतळा बसलेला, त्याहून कमी दिली त्याचा उभा, आणि त्याहूनही कमी दिली त्याचे नुसते खांद्यापर्यंतचे शिल्प. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे वाचत चढणाऱ्या आपल्या मंडळींना हा हिशेब पाहून हसू आल्यावाचून राहणार नाही.

गुडघेदुखीवाली, मडगाव

मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आले, म्हणून फक्त व्यवहाराचे लिहिते. जिनोआ चढाचे शहर असले तरी चढ चढायला यंत्रे आहेत. व्हिया गारिबाल्दीजवळच्या पियाझ्झा पोर्तेल्लो या चौकातून एक बोगदा डोंगराच्या पोटात जातो आणि त्याच्या टोकाला चक्क सार्वजनिक लिफ्ट आहे. 1909 मधली ही लिफ्ट वर कास्तेल्लेत्तोच्या सज्जावर नेते, तिथून सगळी छपरे, बंदर आणि लांतेर्ना एका नजरेत दिसतात. तिथली छपरे कौलांची नसून काळसर दगडी पाट्यांची आहेत, शाळेत आपण ज्या पाटीवर लिहायचो तोच दगड. पाच जणांना गल्ल्या झेपणार नसतील तर त्यांनी सरळ वर जाऊन बाकावर बसावे, काहीही चुकणार नाही.

चपला जाड तळाच्या हव्यात, कारण जुन्या फरश्या पावसात साबणासारख्या होतात. रेल्वे स्थानकाकडून येणाऱ्या व्हिया दी प्रे या गल्लीत पिशवी पुढे धरावी. आणि एका दिवसासाठी उतरायचे असले तरी शेंगेन व्हिसा लागतोच. आपली बोट मध्ये ट्युनिससारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला जाणार असेल तर एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हे प्रवास कंपनीला आताच लेखी विचारून घ्यावे. आमच्या गटातल्या एका जोडप्याच्या बाबतीत एजंटाने हे पाहिले नव्हते आणि त्यांनी दोन बंदरे बोटीच्या खिडकीतून पाहिली.

खाजनकाठ

चर्चा रंगली आहे, त्यात थोडा मिठाचा खडा टाकतो. वाडे, पेढी, पाहुणचार हे सगळे सांगताना पैसा कुठून आला याचे उत्तर पेढीपाशीच थांबवू नये. काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियात, काफ्फा नावाची जिनोआची वसाहत होती आणि तिथून धान्य, कातडी यांच्याबरोबर माणसेही विकली जात. पुढे 1660 च्या दशकात स्पेनच्या अमेरिकन वसाहतींना आफ्रिकेतले गुलाम पुरवण्याचा मक्ता ग्रील्लो आणि लोमेल्लिनी या जिनोआच्याच दोघा व्यापाऱ्यांनी घेतला होता. जुन्या गोव्याच्या बाजारातही माणसांची विक्री होत असे आणि आपण मात्र पाहुण्यांना तिथली चर्चे तेवढी दाखवतो. तीच चूक दुसऱ्याच्या शहरात करू नये. काफ्फाहून निघालेल्या जिनोआच्याच गलबतांबरोबर 1347 मध्ये काळी महामारी भूमध्य समुद्रात आली, हेही एका वाक्यात सांगण्यासारखे आहे. जे बंदर जगभरचा माल आणते ते मालाबरोबर येणारे सगळेच आणते.

चर्च एकच दाखवायचे झाले तर सान लोरेंझो हे मुख्य मंदिर दाखवावे, आणि तेही दोन वस्तूंसाठी. बाहेरून काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत, ते डोळ्यांना आपोआप दिसतील. आत उजव्या बाजूच्या भिंतीजवळ मात्र तोफेचा एक मोठा गोळा उभा करून ठेवला आहे. 9 फेब्रुवारी 1941 रोजी ब्रिटिश आरमाराने समुद्रावरून शहरावर मारा केला, तेव्हा हा गोळा आत आला आणि फुटला नाही. पुरुषभर उंचीच्या आसपासचा, काळपट लोखंडाचा तो गोळा संगमरवराच्या खांबांमध्ये इतका परका दिसतो की त्याला काही स्पष्टीकरण लागत नाही.

दुसरी वस्तू तळघरातल्या खजिन्यात आहे, हिरव्या रंगाचे षट्कोनी ताट. पहिल्या धर्मयुद्धापाठोपाठ, 1101 मध्ये, जिनोआच्या लोकांनी ते सिझेरिया शहराच्या लुटीतून आणले. ते अखंड पाचूचे आहे आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचे आहे, अशी शतकानुशतके श्रद्धा होती. नेपोलियनने ते पॅरिसला नेले, तिथे ती काच निघाली, आणि 1816 मध्ये परत येताना वाटेत तिचे तुकडे झाले. तुकडे जोडून ते आज जसे आहे तसे ठेवले आहे, आणि एक तुकडा परत आलाच नाही.

नवीन काळातील एक गोष्टही वगळू नये. 14 ऑगस्ट 2018 रोजी भर पावसात शहराच्या पश्चिमेकडील मोरांदी पूल कोसळून 43 माणसे गेली. त्या जागी रेन्झो पियानो या तिथेच जन्मलेल्या वास्तुरचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे दुसरा पूल बांधून 2020 च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. बंदराचा जुना, ओस पडलेला धक्का 1992 मध्ये कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली त्या निमित्ताने लोकांसाठी मोकळा केला तोही याच पियानोने, आणि मत्स्यालयही त्याच प्रकल्पातले. तो पूल पाहायला मात्र जाऊ नये, ती प्रेक्षणीय जागा नव्हे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल पडल्यानंतर पणजी-बेती फेरीबोटीसाठी रांगा लावलेले लोक आपल्या गटात असतीलच. त्यांना दोन वाक्ये पुरतील.

तारवटी, कुठ्ठाळी

खाजनकाठ यांचे म्हणणे पटले. एक भर घालतो. धक्क्याला लागूनच गालाता नावाचे सागरी संग्रहालय 2004 पासून आहे. त्यात सतराव्या शतकातल्या गॅली जातीच्या, म्हणजे वल्ह्यांनी चालणाऱ्या, जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. वल्ह्यांच्या बाकावर बसून पाहता येते, आणि तिथे बसले की वल्हवणारे कोण होते हा प्रश्न मनात येतोच. त्यांत कैदी होते, गुलाम होते, आणि कर्ज फेडता न आल्यामुळे स्वतःला विकून घेतलेलेही होते. बाहेर पाण्यात एक निवृत्त पाणबुडी बांधलेली आहे, तिच्यात वाकून शिरावे लागते, गुडघेवाल्यांनी जाऊ नये.

जवळच प्रे येथील मध्ययुगीन धर्मशाळेत 2022 मध्ये इटलीतून देशांतर केलेल्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका इकडे गेलेली लाखो माणसे जिनोआच्याच धक्क्यावरून बोटीत चढली. माझा आजा आफ्रिकेला गेला, बाप आखातात गेला आणि मी बोटीवर. मुरगावच्या धक्क्यावर पेट्या घेऊन उभे असलेले लोक ज्यांनी लहानपणी पाहिले आहेत, त्यांना तिथे थोडा वेळ द्यावा असे मला वाटते.

निवृत्त इतिहास शिक्षक, म्हापसा

गुलामांच्या व्यापाराचा मुद्दा मी माझ्या प्रतिसादात आणायला हवा होता, ती उणीव दाखवून दिल्याबद्दल आभारी आहे. वाड्यांच्या भिंतींवरच्या चित्रांकडे पाहताना लोमेल्लिनी हे नाव पाहुण्यांना रस्त्यांच्या आणि वाड्यांच्या नावांत वारंवार भेटेल, तेव्हा ते आधी सांगून ठेवलेले बरे.

फोंडेकरीण (प्रश्नकर्ती)

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. रविवारी पुन्हा वही उघडली आणि यादीतल्या सत्तावीस जागांवर काट मारली. आता बोलणे असे ठरले आहे. सुरुवात चिठ्ठीने, म्हणजे माझ्या आणि रोल्लीच्या. मग डेकवरून दिसणारा डोंगर, उंच घरे आणि लांतेर्ना. त्यानंतर पेढीतले बसलेले आणि उभे पुतळे, आणि लगेच काफ्फा व लोमेल्लिनी, म्हणजे कुणाला वाड्यांचे कौतुक करताना त्यांचा विसर पडणार नाही. सान लोरेंझोतील गोळा आणि फुटलेले ताट यांची छायाचित्रे दाखवीन. कोलंबसाला चुलत्याच्या दीपस्तंभावर दोन मिनिटे मिळतील, आणि हिएरोनिमोला पाच.

प्रत्यक्ष दिवसासाठी दोन गट केले आहेत. चालणारे सोत्तोरिपा, गल्ल्या, सान लोरेंझो आणि तांबडा वाडा असे जातील, न चालणारे टॅक्सीने पोर्तेल्लोला जाऊन लिफ्टने वर जातील, आणि दुपारी एक वाजता सगळे फारिनाताच्या दुकानापाशी भेटतील. व्हिसाचे काल प्रवास कंपनीला लेखी विचारले. एकाच प्रवेशाचा अर्ज भरला जाणार होता असे कळले, तो थांबवला आहे. मडगावच्या ताईंचे याबद्दल वेगळे आभार.

आता एकच विचारायचे राहिले. भाषणाच्या दिवशी चहाबरोबर सर्वांना फारिनाता चाखायला द्यावी असे मनात आहे. साध्या तव्यावर ती जमेल का?

तारवटी, कुठ्ठाळी

तव्यावर पोळा होईल, फारिनाता होणार नाही, कारण तिला वरून-खालून सारखी आणि कडक आच लागते. आपल्या गावात पोदेराची (पाववाल्याची) लाकडाची भट्टी अजून असेल तर त्याला विचारावे. सकाळचे उंडे आणि पोळ्या काढून झाल्यावर भट्टीत जी आच उरते ती पुरेशी असते. चण्याचे पीठ आणि वजनाने त्याच्या तिप्पट पाणी, गुठळ्या न ठेवता फेटून रात्रभर ठेवावे आणि सकाळी वरचा फेस पळीने काढून टाकावा, नाहीतर कडवटपणा येतो. मग मीठ घालावे. कडा असलेल्या पसरट ताटात तेल सढळ हाताने ओतून त्यावर पीठ घालून ढवळावे, थर करंगळीच्या अर्ध्या जाडीचा हवा. ऑलिव्ह तेल महाग पडेल, पण खोबरेल वापरू नये, मी एकदा घरी करून पाहिले आहे आणि ते कुणी खाल्ले नाही.